बार चार्टच्या पट्ट्या सरकत नाहीत, नुसती नावं बदलतात: बिघाड कुठे आहे आणि दुरुस्ती कशी करायची

पट्ट्यांचं अ‍ॅनिमेशन म्हणजे बार चार्ट रेस करायला घेतलं की बहुतेकांचं गाडं एकाच जागी अडतं. व्हिडिओ सुरू होतो, वर्ष पुढे जातं, पट्ट्या लांब-आखूड होतात, पण सुरत भोपाळला मागे टाकून वर गेलं हे काही दिसत नाही, पट्टी आपली जागेवरच आणि तिच्यावरचं नाव तेवढं बदललेलं. कुणाची पट्टी सरकायच्या ऐवजी टुणकन उडी मारते. कुणाच्या पट्टीचा रंग दर वर्षी वेगळा, म्हणजे इंदूर एकदा निळं, एकदा हिरवं. लोक या तीन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून विचारतात आणि तिन्हीसाठी वेगवेगळे जुगाड करत बसतात, पण बिघाड एकच आहे: तुमचा कोड पट्टीला नावाने ओळखत नाही, ती कितव्या नंबरवर आहे त्यावरून ओळखतो.

उदाहरणाला स्वच्छ सर्वेक्षणाचा डेटा घेतो. एक तर इंदुरात निकाल लागला की दर वर्षी कुणी ना कुणी असा व्हिडिओ करायला बसतंच, कॉलेजातली पोरं करतात, गणपतीत मंडळाच्या स्क्रीनवर लावायला म्हणून पण करतात, आणि तेच प्रश्न परत परत येतात. दुसरं म्हणजे या एका डेटात सगळ्या अडचणी आयत्या भरलेल्या आहेत, बरोबरीत आलेली शहरं आहेत, मधेच येऊन गायब होणारी शहरं आहेत, दर वर्षी बदलणारे एकूण गुण आहेत. पायथन, त्यातली पांडाज (टेबलांसाठी) आणि मॅटप्लॉटलिब (चार्टसाठी) धरून लिहितोय, ब्राउझरमध्ये डी-थ्री ही जावास्क्रिप्टची लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी खाली वेगळं लिहिलंय. आख्खा कोड चिकटवत नाही कारण प्रत्येकाची व्हेरिएबल्स वेगळी असतात आणि चिकटवलेला कोड लोक न वाचता चालवतात, काय बदलायचं ते शब्दात सांगतो.

नाव फिरतंय, पट्टी जागेवरच

वर्गात मास्तर हजेरी नावाने न घेता बाकाच्या नंबराने घेत असतील तर पोरं जागा बदलून बसली तरी वहीत काही फरक पडणार नाही, तसं चाललंय हे. तुम्ही प्रत्येक फ्रेमला टेबल सॉर्ट करता, मग वरच्या पट्टीला पहिला आकडा, तिच्या खालच्या पट्टीला दुसरा आकडा असं देत जाता आणि शेवटी नावांची यादी नव्याने लावता. कोडच्या लेखी सगळ्यात वरची पट्टी म्हणजे 'शून्य नंबरची पट्टी', ती २०१६ मध्ये म्हैसूर होती आणि २०१७ मध्ये इंदूर झाली याच्याशी त्याला काय घेणं? मग ती सरकणार कशाला, ती तर आधीपासूनच वर आहे. रंगाचंही तेच, रंगांची यादी सॉर्ट झालेल्या क्रमाला चिकटलेली असते.

दुसरा प्रकार म्हणजे प्रत्येक फ्रेमला आधी सगळं पुसायचं आणि परत पूर्ण चार्ट काढायचा. नेटवरच्या निम्म्या ट्युटोरियलमध्ये हेच असतं. यात नाव आणि पट्टी बरोबर राहतात, पण जागा म्हणजे क्रमांक, आणि क्रमांक पूर्णांक, तीनवरून दोनवर यायचं तर मधे अडीच कुठेच नाही, म्हणून उडी दिसते. शिवाय दर फ्रेमला सगळं नव्याने काढल्यामुळे ते संथ चालतं ते वेगळंच.

दुरुस्ती अशी. सॉर्ट करणं पूर्ण बंद करा. टेबलमध्ये ओळी म्हणजे वर्षं आणि कॉलम म्हणजे शहरं, आणि कॉलमचा क्रम पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत तोच ठेवायचा. कोण वर कोण खाली हे सांगायला त्याच मापाचं दुसरं टेबल करायचं, त्यात किंमत नाही, नुसती जागा. मग अ‍ॅनिमेशन सुरू व्हायच्या आधी, एकदाच, सगळ्या शहरांच्या पट्ट्या काढून ठेवायच्या आणि एक डिक्शनरी करायची: शहराचं नाव दिलं की त्याची पट्टी मिळाली पाहिजे. तशीच एक डिक्शनरी रंगांची, एक नावाच्या टेक्स्टची. अपडेट फंक्शनमध्ये नवीन काहीही काढायचं नाही, फक्त प्रत्येक शहराची पट्टी डिक्शनरीतून उचलायची, सेट_विड्थने लांबी द्यायची, सेट_वायने जागा द्यायची, टेक्स्ट हलवायचं, संपलं.

हे करताना दोन-तीन ठिकाणी हमखास अडतं. सेट_वायला पट्टीचा मध्य नाही, कडेचा वाय लागतो, म्हणजे पट्टीची जाडी ०.८ असेल तर जागेतून ०.४ वजा करून द्यायचं, नाहीतर सगळ्या पट्ट्या नावापेक्षा अर्ध्याने सरकलेल्या दिसतात आणि लोक टेक्स्टच्या मागे लागतात. दुसरं, पहिला क्रमांक वर यावा म्हणून तुम्ही इन्व्हर्ट_वायअ‍ॅक्सिस वापरणार, ते अपडेट फंक्शनच्या बाहेर एकदाच लिहा, कारण ते दर वेळी आहे त्याच्या उलट करतं, आत लिहिलं की एका फ्रेमला चार्ट सुलटा आणि पुढच्याला उलटा, नुसतं थयथयाट. तिसरं जरा लपलेलं आहे. बारएचला, म्हणजे आडव्या पट्ट्या काढणाऱ्या फंक्शनला, जागा म्हणून थेट शहरांची नावं दिली तर मॅटप्लॉटलिब ज्या क्रमाने नावं पहिल्यांदा बघतं त्या क्रमाने त्यांना नंबर देऊन टाकतं, आणि तो अ‍ॅक्सिस पुसेपर्यंत तेच नंबर राहतात. नंतर कितीही सॉर्ट करा, क्रम हलत नाही. म्हणून जागा नेहमी आकड्यातच द्यायची आणि नाव वेगळं टेक्स्ट म्हणून लिहायचं.

एकच शहर दोन पट्ट्या

ओळख नावावर टाकली म्हणजे नाव नीट हवं. आपल्या लोकांत ही भानगड जरा जास्तच आहे, एका वर्षाची यादी मराठी पेपरातून उचलली, दुसऱ्या वर्षाची हिंदीतून, तर इंदूर आणि इंदौर, ग्वाल्हेर आणि ग्वालियर, बडोदा आणि वडोदरा अशी सहा शहरं तयार होतात. कोडला त्यात काही वावगं वाटत नाही, एरर पण येत नाही, नुसती एक पट्टी संपते आणि दुसरी उगवते. नावाच्या शेवटची रिकामी जागा आणि 'इन्दूर'सारखं लिहिणं पण तेच करतं. सगळ्यात सोपं म्हणजे प्रत्येक शहराला एक ठरलेला कोड द्या, आकडा चालेल, टेबलमध्ये तोच वापरा आणि दाखवायचं नाव अगदी शेवटी लावा. पुढे मागे कुणी म्हणालं की बडोदा नको वडोदरा लिहा तर एकाच ठिकाणी बदलावं लागतं.

उडी जात नाहीये

आता मधल्या फ्रेम. वर्षातून एकच आकडा आहे, व्हिडिओला तर एका वर्षासाठी समजा तीस फ्रेम हव्यात, म्हणजे मधले आकडे भरायला पाहिजेत. डी-थ्री बनवणाऱ्या माइक बोस्टॉकने २०१९ मध्ये जो बार चार्ट रेसचा नमुना टाकला त्यात प्रत्येक वर्षाचे दहा तुकडे केलेले आहेत, आणि पायथनमधलं बार_चार्ट_रेस पॅकेजही डीफॉल्टने एका टप्प्याच्या दहाच पायऱ्या करतं. आकडा कितीही असो, पद्धत एकच, रिकाम्या ओळी घालायच्या आणि पांडाजच्या इंटरपोलेटने भरायच्या.

पण ओळी घालताना लोक नमपाय या आकड्यांच्या लायब्ररीतल्या अरेंजला ०.१ ची पायरी देतात आणि रीइंडेक्स करतात, म्हणजे टेबलला नव्या ओळींची यादी देतात, आणि मग ओरडतात की खरे आकडेच गायब झाले. कारण दशांशात तो २०१७ पर्यंत चालत येतो तेव्हा तो नेमका २०१७ नसतो, किंचित कमी असतो, आणि रीइंडेक्सला तंतोतंत तोच आकडा लागतो, केसाएवढा फरक चालत नाही. म्हणून दशांशाच्या नादी लागू नका, वर्षांना फ्रेम नंबर द्या, पहिलं वर्ष ०, दुसरं ३०, तिसरं ६०, आणि पूर्णांकांच्या रेंजवर रीइंडेक्स करा. वर्षांमधलं अंतर सारखं नसेल, उदाहरणार्थ जनगणनेचे आकडे आणि मधेच एखाद्या वर्षाचा अंदाज, तर फ्रेम नंबरही त्या प्रमाणात द्या आणि आधीच्याच टेबलवर रिकाम्या जागा भरत असाल तर इंटरपोलेटला मेथड म्हणून 'इंडेक्स' सांगा, कारण नुसतं 'लिनिअर' सांगितलं तर ते इंडेक्स बघतच नाही, सगळ्या ओळी सारख्या अंतरावर आहेत असं धरतं.

आता खरा प्रश्न, क्रमांक कधी काढायचा, आधी की नंतर. आधी म्हणजे वर्षाच्या खऱ्या आकड्यांवर क्रमांक काढायचा आणि मग क्रमांकच इंटरपोलेट करायचा. दिसायला मऊ येतं, पट्टी वर्षभर हळूहळू वर सरकते. पण त्यात खोट आहे: गुण जानेवारीतच ओलांडले गेले आणि पट्टी अजून जूनपर्यंत सरकतेच आहे, म्हणजे लांब पट्टी खाली आणि आखूड वर असं बराच वेळ दिसतं, आणि नीट बघणारा माणूस विचारतोच की हे काय. नंतर म्हणजे मधले गुण भरून झाल्यावर प्रत्येक फ्रेमचा क्रमांक काढायचा, हे खरं आहे पण ओलांडल्याक्षणी परत उडी. मला तिसरा रस्ता आवडतो. क्रमांक प्रत्येक फ्रेमला काढा आणि मग त्या जागांच्या टेबलवर रोलिंग सरासरी फिरवा, दहा-बारा फ्रेमची खिडकी, मध्यावर धरलेली, कडांना रिकामं राहू नये म्हणून मिन_पीरियड्स एक. ओलांडायच्या जरा आधी पट्टी हलायला लागते आणि जरा नंतर बसते. खिडकी किती ठेवायची हे डोळ्याने ठरवा, फार मोठी केली की पट्ट्या वाऱ्यावर तरंगल्यासारख्या कायम हलत राहतात.

काही जण हेच अपडेट फंक्शनच्या आत करतात, म्हणजे आत्ताची जागा घ्या, जिथे जायचंय त्यातला पाचवा हिस्सा पुढे सरका. चालतं, पण मग नोटबुकमध्ये एकदा बघितलं आणि नंतर सेव्ह केलं की व्हिडिओची सुरुवात विचित्र होते, पट्ट्या शेवटच्या जागांवरून पहिल्या जागांकडे धावत येतात, कारण मागची जागा लक्षात राहिलेली असते. वर फंकअ‍ॅनिमेशनला (मॅटप्लॉटलिबमध्ये फ्रेम चालवणारं साधन) सुरुवातीचं इनिट फंक्शन दिलं नसेल तर ते पहिली फ्रेम जास्तीची एकदा चालवून बघतं, तोही हिशोब बिघडतो. सगळ्या जागा आधी काढून टेबलमध्ये ठेवल्या की अपडेट फंक्शनला फ्रेम नंबर सोडून काही लक्षात ठेवायची गरज नाही, कितीही वेळा चालवा, तेच दिसेल.

इंदूर आणि सुरत एकावर एक

२०२३ च्या निकालात इंदूर आणि सुरत संयुक्त पहिले आले. पांडाजचं रँक फंक्शन डीफॉल्टने बरोबरीतल्यांना सरासरी क्रमांक देतं, म्हणजे दोघांना दीड, दीड. दोन्ही पट्ट्या बरोब्बर एकमेकांवर बसतात, वरची दिसते, खालची गेली. इंदुरात स्क्रीनवर नुसतं सुरत दिसलं तर काय होईल ते मी सांगायला नको भिया. रँकला मेथड 'फर्स्ट' द्या, मग बरोबरीत असले तरी कॉलमच्या क्रमाने एकाला एक आणि दुसऱ्याला दोन मिळतो. कॉलमचा क्रम आपण बदलत नाही म्हणून ते दर फ्रेमला उलटसुलट होत नाही. अ‍ॅक्सिस १ द्यायला विसरू नका, नाहीतर क्रमांक शहरांमध्ये न लागता वर्षांमध्ये लागतो आणि इंदूरचं इंदूरशीच भांडण. अर्थात बरोबरी असेल तर पट्टीच्या पुढे दोघांनाही '१' लिहायचं, वर-खाली आहेत ती फक्त जागेची सोय आहे.

गेलेलं शहर जातच नाही

२०१९ मध्ये अंबिकापूर दुसरं आलं होतं. २०२० ला दहा लाखांवरच्या शहरांची यादी वेगळी लागली आणि अंबिकापूर लहान शहरांच्या गटात गेलं. मोठ्या शहरांच्या टेबलमध्ये २०१९ नंतर तिथे रिकामं. पण व्हिडिओत ते २०२३ पर्यंत दिमाखात दिसतं, का? इंटरपोलेट मधल्या रिकाम्या जागा तर भरतंच पण डीफॉल्टने शेवटच्या आकड्यानंतरच्या सगळ्या जागाही त्याच आकड्याने भरून टाकतं. सुरुवातीच्या रिकाम्या मात्र तशाच ठेवतं, म्हणून उशिरा आलेली शहरं बरोबर वाटतात आणि गेलेली भुतासारखी राहतात, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. लिमिट_एरिया 'इनसाइड' द्या, मग फक्त दोन खऱ्या आकड्यांच्या मधलं भरेल.

ते केलं की पुढची अडचण: रिकाम्या आकड्याचा क्रमांक रिकामा, सेट_वायला रिकामं दिलं तर पट्टी एरर न देता एका फ्रेममध्ये अदृश्य. जाणारी पट्टी खाली सरकत यादीच्या बाहेर जावी असं वाटत असेल तर रिकाम्या जागी दाखवायच्या संख्येच्या पुढचा क्रमांक भरा, दहा पट्ट्या दाखवताय तर अकरा-बारा, आणि वायच्या मर्यादा साडेदहापर्यंतच ठेवा. वरची रोलिंग सरासरी तिला आपोआप खाली नेईल. लांबीसाठी शेवटचा आकडा तेवढ्या फ्रेमपुरता धरून ठेवावा लागेल, एफफिलला (आधीचा आकडा पुढे भरणारं फंक्शन) लिमिट देऊन. आणि टेक्स्टला क्लिप_ऑन चालू करा, मॅटप्लॉटलिबमध्ये टेक्स्ट मुळात कापलं जात नाही, पट्टी बाहेर गेली तरी नाव खाली लटकत राहतं.

पट्ट्या वाढतायत पण खरंच वाढल्या का

स्वच्छ सर्वेक्षणाचे एकूण गुण दर वर्षी वेगळे आहेत. २०१७ ला २०००, २०१८ ला ४०००, २०१९ ला ५०००, २०२० ला ६०००, २०२२ ला ७५००, २०२३ ला ९५००. कच्चे गुण टाकले तर सगळीच शहरं दर वर्षी भरभरून वाढतात, ज्याची घसरण झाली तेसुद्धा. हा कोडचा दोष नाही पण तक्रार 'सगळं वाढतच का चाललंय' म्हणून कोडवरच येते. त्या वर्षीच्या एकूण गुणांचे टक्के काढा आणि एक्सची मर्यादा शून्य ते शंभर पक्की करून टाका. इथे सरकत्या मर्यादेची गरजच नाही.

जिथे गरज आहे, म्हणजे लोकसंख्येसारखा डेटा, तिथे उलट होतं. ऑटोस्केल चालू असेल तर सगळ्यात लांब पट्टी कायम स्क्रीनच्या कडेला टेकलेली, ती वाढते हे दिसतच नाही, बाकीच्या मात्र आखडल्यासारख्या दिसतात. दोन्हीतलं एक निवडा: शेवटच्या आकड्याएवढी मर्यादा सुरुवातीपासून पक्की ठेवा, किंवा मर्यादाही जागांसारखीच आधी काढून ठेवलेल्या कॉलममधून हळूहळू वाढवा आणि खालचे आकडे दिसतील असं बघा. शून्यापासून सुरुवात मात्र सोडू नका, बार चार्टमध्ये लांबी हाच आकडा असतो.

मधल्या फ्रेममध्ये गुण दाखवायचे का? माझं मत नको. लोकसंख्या खरंच हळूहळू वाढते, तिचे मधले आकडे अंदाज म्हणून चालतात. सर्वेक्षण वर्षातून एकदा होतं, दोन निकालांच्या मधे कुठलेही गुण अस्तित्वातच नसतात, आपण ते फक्त हालचालीसाठी बनवलेत. मी आकडा फक्त वर्षाच्या खऱ्या फ्रेमवर दाखवतो, तिथे व्हिडिओ एक-दीड सेकंद थांबवतो, आणि पट्ट्या हलत असताना आकडा लपवतो. वर्षाचं लेबलही तसंच, २०१९.४ असं काही स्क्रीनवर जाऊ देऊ नका.

स्क्रीनवर एक, फाइलमध्ये दुसरं

हे पटापट सांगतो. काहीच हललं नाही आणि खिडकी नुसती पहिल्या फ्रेमवर थांबली तर बघा फंकअ‍ॅनिमेशन व्हेरिएबलमध्ये ठेवलंय का, ठेवलं नाही तर पायथन ते कचरा समजून साफ करतं. फंक्शनच्या आत ठेवलं असेल तर फंक्शन संपल्यावर तेही जातं, म्हणून रिटर्न करा. ब्लिट (फक्त बदललेला भाग परत काढायची सोय) चालू असेल तर अपडेट फंक्शनने बदललेल्या सगळ्या गोष्टी परत द्यायला लागतात, आणि टायटल किंवा अ‍ॅक्सिसचे आकडे चार्टच्या चौकटीबाहेर असल्यामुळे बदलत नाहीत. सेव्ह करताना मॅटप्लॉटलिब ब्लिट वापरतच नाही, म्हणून फाइलमध्ये वर्ष बदलतं आणि स्क्रीनवर अडकतं. वर्षाचं लेबल टायटलमध्ये न ठेवता चौकटीच्या आत टेक्स्ट म्हणून ठेवा, प्रश्न मिटतो.

व्हिडिओ मधेच संपत असेल तर फ्रेम जनरेटरमधून दिल्यात का बघा, तिथे किती आहेत हे कळत नसल्यामुळे सेव्ह करताना शंभर फ्रेमवर थांबतं. सरळ संख्या द्या किंवा सेव्ह_काउंट द्या. वेग चुकत असेल तर इंटरव्हल मिलिसेकंदात असतो आणि डीफॉल्ट २०० आहे, म्हणजे सेकंदाला पाचच फ्रेम, झटके तर लागणारच. सेव्हमध्ये एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) वेगळा दिला की फाइलचा वेग त्याने ठरतो. जिफमध्ये दोन फ्रेममधलं अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजलं जातं आणि फार कमी अंतर असेल तर ब्राउझर ते न मानता बरंच हळू चालवतात, म्हणून साठ एफपीएसची जिफ पंचवीसपेक्षा संथ दिसते. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं असेल तर एमपी-फोरच बरं, त्यासाठी एफएफएमपेग हा व्हिडिओ बनवणारा प्रोग्राम मशीनवर असायला पाहिजे आणि पाथमध्ये पण, पिपने आलेलं त्याच नावाचं पॅकेज म्हणजे तो प्रोग्राम नव्हे.

चौकोन आणि तुटलेली अक्षरं

मराठी नावांच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये देवनागरी नाही, मॅटप्लॉटलिबचा डीफॉल्ट डेजाव्हू सान्स आहे, त्याच्यात आपली अक्षरं नाहीत. नोटो सान्स देवनागरी किंवा विंडोजवर निर्मला लावा. पण लोक इथे खूश होतात आणि नंतर बघतात तर 'दिल्ली'ची पहिली वेलांटी भलतीकडे, 'ग्वाल्हेर'मधला ल्हे तुटून हलंत दिसतोय. फॉन्ट बरोबर आहे, फॉन्ट बदलत बसू नका. बहुतेकांकडे असलेल्या मॅटप्लॉटलिबच्या आवृत्त्या अक्षरं एकामागे एक ठेवतात, जोडाक्षर घडवत नाहीत. मार्ग तीन. एमपीएलकैरो नावाचा वेगळा बॅकएंड राक्म लायब्ररी वापरून अक्षरं नीट जोडतो. किंवा प्रत्येक नावाचं चित्र पिलो या पायथनच्या चित्रांच्या लायब्ररीने राक्मसकट बनवून ठेवा आणि टेक्स्टच्या जागी ते चित्र हलवा, नावं बदलत नाहीत म्हणून हे एकदाच करावं लागतं. पिलोमध्ये राक्म आहे का हे त्याच्या फीचर्स मॉड्यूलला विचारता येतं, नसेल तर तिथेही अक्षरं तुटतील. तिसरा मार्ग म्हणजे ब्राउझर, तिथे हा प्रश्नच नाही.

डी-थ्री वाल्यांनो

तुमचा बिघाड तोच, जागा फक्त वेगळी. डेटा जोडताना दुसरा आर्ग्युमेंट दिला नाही तर डी-थ्री नंबराने जोडतं, पहिली पट्टी पहिल्या आकड्याला. तिथे 'की' (ओळख) फंक्शन द्या जे शहराचं नाव किंवा कोड परत देईल. रिअ‍ॅक्टमध्ये लिस्टला 'की' म्हणून इंडेक्स देणारेही याच रांगेत. 'की' दिल्यावर पट्ट्या खरोखर एकमेकांना ओलांडायला लागतात.

ओलांडतायत पण दर टप्प्याला हिसके देतायत असं असेल तर ईझिंग बघा. डीफॉल्ट क्युबिक आहे, हळू सुरू होऊन हळू थांबतं, एकामागे एक टप्पे लावले की प्रत्येक टप्प्यावर थांबा. सलग चालायचं असेल तर लिनिअर. डीफॉल्ट वेळ २५० मिलिसेकंद आहे, आणि डेटा त्याच्याही आधी बदलत असेल तर नवीन ट्रांझिशन जुन्याला मधेच तोडतं आणि पट्टी कधीच तिच्या आकड्याला पोचत नाही, म्हणून एका टप्प्याची वेळ ट्रांझिशनच्या वेळेपेक्षा कमी ठेवू नका. सेटइंटरव्हलने डेटा ढकलत असाल तर दुसऱ्या टॅबवर जाऊन परत या आणि बघा, लपलेल्या टॅबमध्ये अ‍ॅनिमेशन थांबतं पण इंटरव्हल चालूच राहतो, परत आल्यावर पट्ट्या सैरावैरा पळतात. पुढचा टप्पा मागचा संपल्यावरच सुरू करा, ट्रांझिशनच्या एंडची वाट बघून.

राहिलं २०२४. त्या निकालात इंदूर, सुरत, नवी मुंबई आणि विजयवाडा यांना मोठ्या शहरांच्या नेहमीच्या क्रमवारीतून काढून सुपर स्वच्छ लीगमध्ये टाकलं आणि दहा लाखांवरच्या शहरांत अहमदाबाद पहिलं आलं, भोपाळ दुसरं. हा डेटा तसाच टेबलमध्ये घातला की कोड अगदी बरोबर चालतो आणि इंदूरची पट्टी वरून खाली कोसळून स्क्रीनबाहेर जाते. यावर इंटरपोलेटचा कुठलाही पर्याय लागू पडत नाही. पट्ट्या २०२३ वर थांबवा, आणि २०२४ साठी न हलणारी वेगळी फ्रेम करा, डावीकडे लीगमधली चार शहरं, उजवीकडे अहमदाबादपासूनची यादी.